चित्राचें डावें-उजवें



रोज सकाळीं भांग पाडतांना आपण आरशांत पाहतों, आणि तेथें दिसणारा मनुष्य म्हणजे आपणच, असें निःशंकपणें धरून चालतों. परंतु आपण उजव्या हातांत फणी धरली, तर तो डाव्या हातांत धरतो. आपला भांग डावीकडे, तर त्याचा उजवीकडे. जगांतील इतर सर्व माणसें आपणांस ज्या रूपानें ओळखतात, तें रूप आपण स्वतः आपल्या आरशांत पाहत नाहीं. आरसा खोटें बोलत नाहीं; पण तो सर्व कांहीं पालटून सांगतो.

असें पालटलेलें चित्र तयार करणें हें पूर्वीं छापखान्यांतील कारागिराचें किंवा छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलींतील काम होतें. आज संगणकावर अथवा मोबाइलवर ब्राउझर उघडून, एक कळ दाबून, कोणताही विद्यार्थी तें क्षणांत करूं शकतो. कृति सोपी झाली. पण ती केव्हां करावी व केव्हां करूं नये, हा विवेक कळीबरोबर येत नाहीं. तो शिकावा लागतो. म्हणून या लेखांत ती कृति, तिचें गणित आणि तिचा विवेक या तिन्ही गोष्टींचा थोडा विचार करूं.

आरंभीं एक हकीकत सांगतों. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें घरच्या भिंतीवरील आपल्या आजीची तसबीर मोबाइलवर टिपून आणली होती. वडील लहान असतांनाच त्याची आजी वारली. घरांत तिचें हें एवढेंच चित्र. तें पाहतां पाहतां तो म्हणाला, “गुरुजी, आजीच्या नाकांत नथ उजवीकडे कां? आई तर डावीकडे घालते.” मीं नीट पाहिलें. केवळ नथच नव्हे, तर पदरही उजव्या खांद्यावर होता. आपल्या महाराष्ट्रीय पद्धतींत पदर डाव्या खांद्यावरून घेतात; उजव्या खांद्यावर पुढें आणलेला पदर गुजराती पद्धतीचा, आणि खानदेश गुजरातच्या सीमेवर असल्यानें तोही आपणांस अपरिचित नाहीं. एक चिन्ह वेगळें असतें, तर आवड म्हणून सोडून देतां आलें असतें. दोन चिन्हें एकाच दिशेनें पालटलेलीं दिसलीं, तेव्हां शंका आली कीं चूक आजीची नव्हे, चित्राची आहे.

कारण असें. जुन्या फिल्मच्या एका बाजूस प्रकाशानें पालटणाऱ्या मसाल्याचा थर असे. कागदावर मोठें चित्र उतरवितांना ती बाजू खालीं, कागदाकडे, ठेवावी लागे. घाईंत फिल्म पालथी पडली, तर चित्र स्वच्छ उमटे, चेहरा रेखीव दिसे, आणि तरीही सर्व डावें तें उजवें होई. येथें तसेंच झालें असावें. मुलानें त्याच दिवशीं शाळेच्या संगणकावर तें चित्र पालटलें. नथ डावीकडे आली. पदर डाव्या खांद्यावर गेला. गालावरचा तीळही एका गालावरून दुसऱ्या गालावर आला.

दुसऱ्या दिवशीं तो खिन्न दिसला. वडिलांनीं नवें चित्र पाहून म्हटलें होतें, “ही माझी आई वाटत नाहीं.” परंतु त्या घरांत वडिलांच्या वृद्ध आत्या होत्या, आजीला प्रत्यक्ष पाहिलेलें असें त्या घरांत आतां त्यांच्यावांचून कोणीच उरलेलें नव्हतें. त्यांनीं चित्र डोळ्यांजवळ नेलें, तिळावर बोट ठेवलें, आणि म्हणाल्या, “वहिनीच ही. तीळ याच गालावर होता. भिंतीवरची तसबीर पाहतांना मला नेहमीं कांहींतरी चुकल्यासारखें वाटे. काय तें सांगतां येत नसे.”

येथें दोघांचेंही म्हणणें खरें होतें, हें लक्षांत घ्यावें. जो चेहरा आपण वारंवार पाहतों तोच आपणांस खरा वाटतो. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांनीं १९७७ सालीं याविषयीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक स्त्रीचें एक सरळ व एक पालटलेलें अशीं दोन छायाचित्रें तिला व तिच्या मैत्रिणीला दाखविलीं. तेव्हां बहुतेक स्त्रियांनीं स्वतःचें पालटलेलें, म्हणजे आरशांत रोज दिसणारें चित्र पसंत केलें. मैत्रिणींनीं मात्र सरळ चित्र पसंत केलें. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानें स्वतःचें चित्र काढतांना पडद्यावर जें दिसतें तें आरशासारखें पालटलेलें असतें, आणि जतन झालेलें चित्र पुष्कळदां सरळ असतें. म्हणून अनेकांस आपलें चित्र ‘बिघडलें’ असें वाटतें. बिघडलेलें कांहीं नसतें. आपण प्रथमच स्वतःला इतरांच्या डोळ्यांनीं पाहत असतों.

आतां मूळ क्रियेकडे वळूं. पुष्कळ विद्यार्थी विचारतात कीं, आरसा डावें-उजवें पालटतो, मग वर-खालीं कां पालटत नाहीं? उत्तर असें कीं, आरसा यांपैकीं कांहींच पालटत नाहीं. तो पुढचें-मागचें पालटतो. तुम्हीं उत्तरेकडे तोंड करून आरशापुढें उभे राहिलां, तर तुमचा पूर्वेकडील हात आरशांतही पूर्वेकडेच दिसतो व डोकें वरच असतें. पालटतें तें एवढेंच कीं प्रतिबिंबाचें तोंड दक्षिणेकडे असतें. तो एक निराळा मनुष्य आहे अशी कल्पना करून आपण त्याच्या जागीं मनानें जाऊन उभे राहतों, आणि तेव्हां डाव्याचें उजवें होतें.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. चित्र फिरविणें निराळें आणि पालटणें निराळें. उजव्या हाताचा पंजा पातळ कागदावर ठेवून पेन्सिलीनें त्याची कड काढा व अंगठ्याचें नख रंगवा. आतां तो कागद टेबलावर कितीही गरगर फिरवा. पंजा उजव्याचा डावा होणार नाहीं. परंतु कागद पालथा करून उजेडासमोर धरा, म्हणजे तत्काळ डाव्या हाताचा पंजा दिसेल. पहिलें झालें फिरविणें. संगणकावरील साधनांत त्यास ‘रोटेट’ म्हणतात. दुसरें झालें पालटणें. त्यास ‘फ्लिप’ किंवा ‘मिरर’ म्हणतात. फ्लिपचे दोन प्रकार असतात. ‘हॉरिझाँटल’ म्हणजे डावें-उजवें पालटणें, आणि ‘व्हर्टिकल’ म्हणजे पाण्यांतील प्रतिबिंबाप्रमाणें वर-खालीं पालटणें. एखादें चित्र डावें-उजवें पालटून मग त्यास अर्धा फेरा दिला, तर तें वर-खालीं पालटल्यासारखें होतें. चित्र चौरस चौकटींत ठेवण्याच्या एकंदर रीती आठच आहेत: चार फिरवून मिळणाऱ्या, आणि एकदां पालटून पुनः फिरवल्यानें मिळणाऱ्या आणखी चार. कॅमेरा छायाचित्रासोबत त्याची दिशा दाखविणारा जो अंक लिहून ठेवतो, तोही यामुळेंच १ ते ८ यांपैकीं एक असतो.

हें गणित संगणकापूर्वीं आपल्या छापखान्यांतील माणसांस हातानें ठाऊक होतें. शिशाच्या प्रत्येक खिळ्यावर अक्षर उलटें कोरलेलें असे, कारण कागदावर दाबतांना तें आपोआप सुलटें व्हावें. खिळे जुळविणारा कामगार ते स्टिकमध्यें डोकें खालीं करून मांडी, म्हणजे ओळ नित्याप्रमाणें डावीकडून उजवीकडे वाचतां येई. पालटलेल्या अक्षराला अर्धा फेरा दिला कीं तें वर-खालीं पालटल्यासारखें होतें, हा वर सांगितलेला नियम तो रोज हातांनीं वापरीत असे. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्यें टॉमस ग्रॅहॅम यांनीं देवनागरी खिळ्यांचें काम नांवारूपास आणलें. त्याच छापखान्यांत लहानपणीं खिळे घासण्याचें काम करणारे जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीं पुढें निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांचे सुबक खिळे देशभर प्रसिद्ध झाले.

शिळाछापाची रीतही अशीच. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईंत शिळाछापावर मराठी पंचांग छापलें. शिळेवर प्रत्यक्ष लिहावयाचें तर प्रत्येक अक्षर उलटें लिहावें लागे. तें टाळण्यासाठीं एक युक्ति होती: विशिष्ट कागदावर तेलकट शाईनें सरळ लिहावें, तो कागद शिळेवर दाबावा, म्हणजे शिळेवर मजकूर उलटा उतरे, आणि शिळेवरून छापतांना पुनः सुलटा होई. दोन वेळां पालटलें कीं मूळ परत येतें, हा नियम येथें स्पष्ट दिसतो. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत काढलेल्या व पुढें लोणावळ्याजवळील मळवलीस गेलेल्या छापखान्यांतून घरोघर पोंचलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या चित्रांसाठींही कारागिरांस शिळेवर चित्राची उलट बाजूच तयार करावी लागत असे.

आतां संगणक हेंच काम कसें करतो तें पाहूं. संगणकांतील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची आंखीव मांडणी. जणुं काय ठिपक्यांची रांगोळीच. समजा, एका ओळींत १२०० ठिपके आहेत. डावें-उजवें पालटतांना १ ला ठिपका १२०० व्या जागीं जातो, २ रा ११९९ व्या जागीं, आणि ३०० वा ९०१ व्या जागीं. जुना व नवा क्रमांक यांची बेरीज नेहमीं १२०१ भरते. ओळींत १२०१ ठिपके असले, तर मधला ६०१ वा ठिपका जागचा हालत नाहीं. एकही ठिपका नवा येत नाहीं, एकही हरवत नाहीं; केवळ जागा बदलतात. कांहीं न गमावतां अर्थ मात्र पालटूं शकतो, हेंच या क्रियेचें नवल, आणि हाच तिचा धोका.

कृति अशी. ब्राउझरमध्यें चित्र पालटण्याचें एखादें साधन उघडावें. ‘फोटोपी’ हें तशा विनामूल्य साधनांपैकीं एक असून तें २०१३ सालापासून उपलब्ध आहे. आपल्या संगणकांतील चित्र त्यांत घ्यावें. मधोमध उभी रेघ व तिच्या दोन्ही बाजूंस दोन त्रिकोण अशी खूण बहुधा डावें-उजवें पालटण्याची असते. आडव्या रेघेची खूण वर-खालीं पालटण्याची. कळ दाबून परिणाम नीट पाहावा, आणि नवें चित्र निराळ्या नांवानें जतन करावें. मूळ चित्रावर नवें कधींही लिहूं नये, कारण जेपेग जातीचें चित्र पुनःपुनः जतन केल्यानें त्याची सफाई थोडथोडी कमी होते, आणि पुढें मागें मूळ पाहण्याची वेळ आली तर तें हाताशीं असावें.

पालकांनीं एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावें. कांहीं साधनें चित्र आपल्याच संगणकांत पालटतात. ‘फोटोपी’ त्या जातीचें आहे. कांहीं मात्र तें प्रथम दूरच्या कोणाच्या तरी संगणकावर पाठवितात. घरांतील माणसांचें छायाचित्र, आधार कार्ड, गुणपत्रिका, वैद्यकीय कागद हीं परक्या ठिकाणीं पाठविणें योग्य नव्हे. एक सोपी परीक्षा आहे. साधनाचें पान पूर्ण उघडल्यावर इंटरनेट बंद करावें आणि मग एखादें साधेंसुधें चित्र पालटून पाहावें. काम झालें, तर चित्र घराबाहेर गेलें नाहीं असें समजावें.

आतां विवेकाचा भाग. ज्या वस्तूस डावें-उजवें नाहीं, ती पालटल्यानें कांहीं बिघडत नाहीं. वेलबुट्टी, रांगोळी, केळीचें बन, ढग यांचीं चित्रें खुशाल पालटावीं. पानाची शोभा साधते. आपल्या अक्षरांत ‘ठ’ आणि शून्य हीं जवळजवळ जशींच्या तशीं राहतात. आपण ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतों तो ३ व ६ हे एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून. गंमत अशी कीं ३६ आरशांत धरला तरी बहुतांशीं ३६ सारखाच दिसतो. त्यांचें भांडण आरशानें मिटत नाहीं! आपला तिरंगा डावें-उजवें पालटला तरी तसाच राहतो. वर-खालीं पालटला तर मात्र हिरवा पट्टा वर येतो, आणि ध्वजसंहितेप्रमाणें केशरी पट्टाच वर असला पाहिजे. म्हणून वर-खालीं पालटण्याची कळ दाबतांना चित्रांत ध्वज नाहीं ना, हें आधीं पाहावें.

परंतु ज्या वस्तूच्या डाव्या-उजव्याला अर्थ आहे, तेथें हात आवरला पाहिजे. कांहीं उदाहरणें आपल्या जवळचींच घेऊं.

भडगांव गिरणेच्या कांठीं वसलें आहे. गिरणा नाशिक जिल्ह्यांत सह्याद्रींत उगम पावून पूर्वेकडे येते, पुढें उत्तरेस वळते, व तापीस मिळते. आमच्या गांवाच्या नैर्ऋत्येस चाळीसगांव, पूर्वेस पाचोरा. हा नकाशा पालटला, तर चाळीसगांव आग्नेयेस व पाचोरा पश्चिमेस जाईल. गिरणा पूर्वेकडून येईल. आणि पश्चिमेस अरबी समुद्रास मिळणारी तापी पूर्वेकडे वाहूं लागेल. भूगोलाच्या भित्तिपत्रकांत केवळ शोभेसाठीं नकाशा पालटणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून नदीच उलटी वाहते.

एरंडोलजवळील पद्मालय येथें गणपतीच्या दोन मूर्ति आहेत: एकीची सोंड उजवीकडे, दुसरीची डावीकडे. अष्टविनायकांपैकीं सिद्धटेकचा गणपति उजव्या सोंडेचा. भाविक लोक या भेदास फार महत्त्व देतात. अशा मूर्तीचें छायाचित्र पालटणें म्हणजे एका देवस्थानाच्या ठिकाणीं दुसरेंच दाखविणें होय. आपला धर्म कोणताही असो, शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयीं अनवधानानेंही असत्य सांगूं नये. जानव्याचेंही तसेंच. नित्य तें डाव्या खांद्यावर असतें, पितृकार्यांत उजव्या खांद्यावर घेतात. चित्र पालटलें कीं नित्याची पूजा करणारा गृहस्थ श्राद्ध करतांना दिसूं लागतो. सव्यापसव्य हा शब्द आपण त्रासाच्या अर्थीं वापरतों. येथें तो अक्षरशः खरा ठरतो.

वैद्यकांत तर ही चूक जिवाशीं गांठ घालूं शकते. छातीच्या क्ष-किरण चित्रांत हृदयाचा कल डावीकडे असतो, आणि क्वचित् एखाद्या मनुष्याचें हृदय खरोखरच उजवीकडे असतें. चित्र पालटलेलें आहे कीं मनुष्यच तसा आहे, हें कळावें म्हणून चित्र घेतांनाच डावी किंवा उजवी बाजू दाखविणारी खूण ठेवतात. ती खूण पुसणें किंवा पालटणें हा खेळ नव्हे. उलट, कांहीं ठिकाणीं पालटणेंच उपकारक असतें. रुग्णवाहिकेच्या पुढें इंग्रजी अक्षरें मुद्दाम उलटीं लिहितात, कारण पुढच्या गाडीच्या चालकास तीं मागचें पाहण्याच्या आरशांत सुलटीं वाचतां यावीं.

सारांश, कळ दाबण्यापूर्वीं चित्रास तीन प्रश्न विचारावे. यांत अक्षर, अंक किंवा नकाशा आहे काय? यांत मनुष्य, मूर्ति किंवा वेश आहे काय? पाहणारा यावर सत्य म्हणून विश्वास ठेवणार आहे काय? तिन्हींचें उत्तर ‘नाहीं’ असेल, तर निर्धास्तपणें पालटावें. एकाचेंही ‘होय’ असेल, तर थांबावें. आणि पालटणें अवश्यच असेल, तर चित्राखालीं तसें स्पष्ट लिहावें.

शेवटीं त्या तसबिरीकडे येऊं. त्या घरीं आतां दोन्ही चित्रें आहेत. नवें, सुधारलेलें, दिवाणखान्यांत लागलें. जुनें मात्र वडिलांनीं टाकूं दिलें नाहीं. तें त्यांच्या खाटेजवळ आहे. मुलानें मला विचारलें, “गुरुजी, यांतलें कोणतें खरें?” मीं म्हटलें, “आत्यांनीं पाहिलेलें रूप नव्या चित्रांत आहे, बाळ. पण तुझ्या वडिलांनीं आईची आठवण ज्या चित्रापाशीं बसून काढली, तें जुनें. एक सत्यासाठीं ठेवा, दुसरें मायेसाठीं. मात्र कोणतें कोणतें, हें मागें लिहून ठेवा.” त्यानें तसें लिहिलें.

पवित्र शास्त्रांत याकोबाच्या पत्रांत एका मनुष्याचा दृष्टान्त आहे. तो आरशांत आपलें मुख पाहतो, आणि तेथून जातांच आपण कसे होतों हें विसरतो. आपल्या हातीं आलेल्या नव्या साधनांनीं आपण असे विसराळू होऊं नये, एवढीच इच्छा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका चित्राच्या ओळींत ८०० ठिपके आहेत. डावें-उजवें पालटल्यावर २५० वा ठिपका कोणत्या जागीं जाईल?

२. एखादें चित्र प्रथम डावें-उजवें व नंतर वर-खालीं पालटलें, तर तें फिरविल्यासारखें होईल कीं पालटल्यासारखें? पंजाच्या कागदानें पडताळून पाहा.

३. आपल्या तालुक्याचा नकाशा पातळ कागदावर काढून पालथा करा, आणि कोणकोणतीं विधानें असत्य झालीं त्यांची यादी करा.

४. घरांतील वडील मंडळींस जुन्या तसबिरी दाखवून पदर, नथ, सदऱ्याचा खिसा या चिन्हांवरून एखादी पालटलेली आहे काय, तें शोधा. सांपडल्यास प्रथम त्यांना विचारा, आणि मगच तिला हात लावा.